कलर गेला, पण पाणी सुधारले का?

वाचकांचे प्रश्न : डाईंगचे सांडपाणी आणि नॅनोपदार्थ

कापड रंगवल्यानंतर पाण्यात उरणारे रंग नॅनोपदार्थांनी (नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागांत मोजाव्या लागणाऱ्या अतिसूक्ष्म कणांनी) काढता येतात का, यावर यंदा बरीच पत्रे आली. कारखानदार, विद्यार्थी, शिक्षक, शेतकरी अशा सगळ्यांनी लिहिले आहे. पत्रांचा मजकूर आटोपशीर केला असून नावांऐवजी फक्त व्यवसाय आणि गाव दिले आहे.

प्रश्न : आमचे छोटे प्रोसेस हाऊस आहे. दिवसाला १,००० किलो कापड आणि साधारण १ लाख लिटर सांडपाणी. रिअ‍ॅक्टिव्ह डाईजचा (धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांचा) कलर तुरटीने किंवा पॅकने (पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइडने) नीट उतरत नाही. एका विक्रेत्याने आमच्याच पाण्याच्या बाटलीत ‘नॅनो पावडर’ टाकून दहा मिनिटांत पाणी नितळ करून दाखवले. घ्यावी का? (प्रोसेसर, इचलकरंजी)

उत्तर : बाटलीतला प्रयोग खरा असेलही; त्यावरून तुमच्या टाकीचा हिशेब मात्र लागत नाही. तो आधी कागदावर मांडा. १,००० किलो कापडाला सरासरी २ टक्के शेड (कापडाच्या वजनाच्या २ टक्के रंग) धरली तर दिवसाला २० किलो डाय लागतो. रिअ‍ॅक्टिव्ह डायचा साधारण चौथा हिस्सा कापडाला न लागता पाण्यात उतरतो, म्हणजे ५ किलो. १ लाख लिटरमागे ५ किलो, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम. पावडरच्या पत्रकावर ‘क्षमता २०० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम’ असे छापले असेल, तर गणिताने दिवसाला २५ किलो पावडर पुरायला हवी.

ती पुरत नाही. छापलेली क्षमता डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकच रंग विरघळवून आणि बहुतेक वेळा पाण्यात भरपूर रंग शिल्लक असताना मोजलेली असते. तुम्हाला शेवटी लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅमच रंग उरायला हवा. रंग जितका विरळ, तितकी पावडरची पकड कमी. शिवाय तुमच्या पाण्यात मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट), सोडा अ‍ॅश, सायझिंगचा (विणण्याआधी सुताला दिलेल्या खळीचा) स्टार्च आणि सोपिंगचा (रंगवल्यानंतरच्या धुलाईचा) साबण आहे. हे सगळे पावडरवरच्या त्याच जागा अडवतात. तिप्पट ते पाचपट पावडर धरून चाला, म्हणजे दिवसाला ७५ ते १२५ किलो. तितकाच गाळ रोज निघणार, आणि तोही ओला.

दुसरी गोष्ट पीएचची, आणि बाटलीची करामत बहुधा इथेच असते. रिअ‍ॅक्टिव्ह डाय पाण्यात ऋण भाराचा असतो. पावडरच्या पृष्ठभागावर धन भार असेल तरच तो चिकटतो, आणि बहुतेक ऑक्साइडांवर किंवा कायटोसानवर (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थावर) तो भार आम्लधर्मी पाण्यातच येतो. तुमच्या बाथचा पीएच असतो १०.५ ते ११.५. तेव्हा पावडर टाकण्याआधी विक्रेत्याने दुसऱ्या बाटलीतले चार थेंब टाकले होते का, हे विचारा. ते अ‍ॅसिड असेल तर त्याचाही खर्च धरा. पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची ताकद) लिटरला २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी असेल, तर १ लाख लिटर पाणी पीएच ४ पर्यंत आणायला रोज जवळपास २०० किलो सल्फ्युरिक अ‍ॅसिड लागते. वर सल्फेटमुळे टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) तसाच राहतो.

खरेदीआधी स्वतः जार टेस्ट लावा. समीकरण टाकीतले (इक्वलायझेशन टँकचे) ताजे पाणी ५०० मिलीच्या सहा बीकरमध्ये घ्या. पीएच अजिबात बदलू नका. पावडरचा डोस लिटरला ०, ०.५, १, २, ४ आणि ८ ग्रॅम. एक तास ढवळा, अर्धा तास निवळू द्या. वरच्या पाण्याचा कलर, सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) आणि टीडीएस तिन्ही मोजा. खालच्या गाळाची उंचीही लिहून ठेवा. मग हीच टेस्ट पीएच ७ ला आणि ४ ला करा. काळ्या-निळ्या शेडच्या दिवशी एकदा आणि लाल-पिवळ्या शेडच्या दिवशी एकदा, अशी दोनदा केल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. कलर उतरला आणि सीओडी जागच्या जागी राहिला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. सीओडीतला मोठा वाटा सायझिंगचा आणि साबणाचा असतो, रंगाचा नव्हे. २०१६ साली केंद्राने कापड उद्योगासाठी ठरवलेल्या मर्यादांत कलर १५० एकक आहे, तसाच सीओडी २५० आणि बीओडी (घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन) ३० मिलिग्रॅम प्रति लिटरही आहे. कलर पास आणि सीओडी नापास, असे पाणी नापासच.

आमचा सल्ला विचाराल तर पावडरऐवजी आधी पाइपवर खर्च करा. जेट मशीन (कापड रंगवण्याचे यंत्र) १:८ लिकर रेशोवर, म्हणजे किलोभर कापडाला ८ लिटर पाण्यावर चालत असेल तर १,००० किलो कापडाचा डाय बाथ फक्त ८,००० लिटरचा असतो. न लागलेला बहुतेक रंग आणि जवळजवळ सगळे मीठ या बाथमध्ये आणि पहिल्या सोपिंगमध्येच असते. हे दोन ड्रेन वेगळ्या टाकीत घेतले की १ लाख लिटरऐवजी पंधरा-वीस हजार लिटर पाण्याशीच झुंजायचे उरते. मग पावडर असो, मेंब्रेन (सूक्ष्म छिद्रांचा गाळणपडदा) असो की ओझोन, आकार आवाक्यात येतो. एकत्र झालेले पाणी पुन्हा वेगळे करता येत नाही.

प्रश्न : बीएस्सीच्या प्रकल्पासाठी मेथिलीन ब्लू आणि टायटॅनियम डायऑक्साइड घेऊन उन्हात प्रयोग केला. रीडिंग एकसारखी येत नाहीत. एकदा तर रंगहीन झालेले पाणी हलवल्यावर पुन्हा निळे झाले! (विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : पुन्हा निळे झाले हे तुमच्या नजरेतून सुटले नाही, हे चांगले झाले. मेथिलीन ब्लूला ऑक्सिजन न मिळता इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचे रंगहीन ‘ल्युको’ रूप तयार होते. रेणू तुटलेला नसतो. हवा लागली की तो परत निळा होतो. फ्लास्क बूच लावून ठेवला असेल किंवा ढवळणे मंद असेल तर हे घडते. उघडे, पसरट भांडे घ्या आणि सतत ढवळा किंवा मत्स्यालयाच्या छोट्या पंपाने हवा सोडा.

आता पूर्ण कृती. १०० मिलिग्रॅम रंग १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून साठा द्रावण करा आणि ते काळ्या कागदात गुंडाळून ठेवा. त्यातले १० मिली १०० मिलीपर्यंत वाढवले की लिटरला १० मिलिग्रॅमचे द्रावण मिळते. १०० मिली द्रावणात १०० मिलिग्रॅम उत्प्रेरक (टायटॅनियम डायऑक्साइड) टाका. पूर्ण अंधारात ३० ते ६० मिनिटे ढवळा, म्हणजे जेवढा रंग नुसता कणांवर चिकटायचा तेवढा चिकटून जाईल. अंधारातले लागोपाठचे दोन नमुने सारखे आले की तेच तुमचे सुरुवातीचे प्रमाण. अनेक प्रकल्पांत चिकटलेला रंगही ‘विघटन’ म्हणून मोजला जातो आणि ८० टक्क्यांचा आकडा फुगून ९५ होतो. नंतर भांडे सकाळी ११ ते दुपारी २ च्या उन्हात ठेवा आणि दर १५ मिनिटांनी ४ मिली नमुना काढा. सोबत दोन भांडी हवीतच : एक उन्हात पण पावडरशिवाय, दुसरे पावडरसह पण अंधारात.

नमुना साध्या फिल्टर पेपरमधून गाळू नका. मेथिलीन ब्लू धन भाराचा आहे, सेल्युलोजवर तो आनंदाने बसतो आणि तुम्हाला वाटते रंग उन्हाने गेला. सेंट्रिफ्यूज वापरा. कॉलेजच्या ४,००० आरपीएमच्या यंत्रात १५ मिनिटांनीही बारीक कण तरंगत राहतात. ते ओळखायची युक्ती अशी : ६६४ नॅनोमीटरबरोबरच (या तरंगलांबीला मेथिलीन ब्लू सर्वांत जास्त प्रकाश शोषतो) ८०० नॅनोमीटरलाही रीडिंग घ्या. तिथे हा रंग प्रकाश शोषत नाही, त्यामुळे जे रीडिंग येते ते कणांच्या गढूळपणाचे. ते ०.०२ च्या वर असेल तर पुन्हा फिरवा. नुसते वजा करून भागत नाही, कारण कमी तरंगलांबीला कण प्रकाश जास्त विखुरतात.

१० मिलिग्रॅमच्या द्रावणाचे अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला गेला त्याचे माप) २ च्या पुढे जाते आणि साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर तिथे भरवशाचा राहत नाही. नमुना पाचपट पातळ करून मोजा. शक्य असेल तर ५०० ते ७५० पूर्ण स्कॅन घ्या. विघटन होताना शिखर ६६४ वरून डावीकडे सरकत असेल तर रेणूवरचे मेथिल गट एकेक करून गळत आहेत, आणि फक्त ६६४ चे रीडिंग पाहणारा प्रगती आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो.

पावडर कुठून आणली, हेही तपासा. रंगाच्या दुकानातली टायटॅनियम पावडर या कामाची नाही. भिंतीचा रंग उन्हात भुकटी होऊ नये म्हणून तिच्या कणांवर मुद्दाम सिलिका-अ‍ॅल्युमिनाचा थर दिलेला असतो. अनॅटेज किंवा ‘पी २५’ प्रकारचीच घ्या. ‘पी २५’ मध्ये अनॅटेज-रुटाइल (टायटॅनियम डायऑक्साइडची दोन स्फटिकरूपे) साधारण ८०:२० आणि कण सुमारे २१ नॅनोमीटरचे असतात. अनॅटेजला ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो आणि सूर्यप्रकाशात अतिनील भाग असतो जेमतेम ४-५ टक्के. त्यामुळे ढगाळ दिवसाची रीडिंग उन्हाच्या दिवसाशी जुळायची नाहीत. सगळी भांडी एकाच दिवशी, एकाच वेळी ठेवा. पावडर तोलताना मास्क लावा.

प्रश्न : चुंबकाने परत गोळा करता येतील असे लोहकण बनवायचे होते. काळ्याऐवजी तपकिरी साका आला. (प्रयोगशाळा सहायक, नाशिक)

उत्तर : आधी चुंबक लावून पाहा. तपकिरी असूनही ओढला जात असेल तर तो मॅग्हेमाइट (तपकिरी चुंबकीय लोह ऑक्साइड) आहे आणि कामाला चालतो. मॅग्नेटाइट (तुम्हाला हवे असलेले काळे लोह ऑक्साइड) हवेत तापवून वाळवला की असे होते. ओढलाच जात नसेल तर फेरस लोह (दोन धन भारांचे) मध्येच गंजले. फेरस सल्फेटचे स्फटिक फिकट हिरवे असायला हवेत. त्यांवर पिवळट-तपकिरी पूड दिसली की ती बाटली या कामासाठी बाद.

फेरिक (तीन धन भारांचे लोह) आणि फेरसचे प्रमाण २:१ मोल हवे. फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट ५.४१ ग्रॅम आणि फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट २.७८ ग्रॅम, १०० मिली पाण्यात. पाणी आधी १५ मिनिटे उकळून झाकून थंड केलेले, म्हणजे त्यातला ऑक्सिजन निघून जातो. ६० ते ७० अंशांवर जोरात ढवळत २५ टक्के अमोनिया थेंबथेंब सोडा. पीएच १० येईपर्यंत सोडत राहा. हे फ्यूम हूडमध्येच करा. साका लगेच काळा व्हायला हवा. अर्धा तास तसेच ढवळा, चुंबकावर धरून पाणी ओता आणि धुण्याचे पाणी उदासीन होईपर्यंत धुवा. पूर्ण उत्पादन मिळाले तरी २.३ ग्रॅमच असते. ४ ग्रॅम भरले तर त्यात पाणी आणि मीठ आहे. पावडर वाळवण्यापेक्षा पाण्यातच ठेवा. एकदा वाळलेले कण पुन्हा पूर्ण सुटे होत नाहीत.

नुसत्या मॅग्नेटाइटची रंग पकडण्याची ताकद बेताचीच असते. त्याचे खरे काम ओझे वाहण्याचे. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांसाठी त्यावर कायटोसानचा थर देतात. तो थर आम्लात विरघळतो म्हणून ग्लुटराल्डिहाइडने पक्का करावा लागतो. अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या पदार्थाच्या) गोळ्या करणार असाल तर एक धोका ध्यानात ठेवा : त्या कॅल्शियमच्या जोरावर टिकतात, आणि डाय बाथमधले मीठ व सोडा अ‍ॅश ते कॅल्शियम काढून घेतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये आठवडाभर टिकलेल्या गोळ्या खऱ्या सांडपाण्यात फुगून चिखल होतात.

प्रश्न : डाळिंबाच्या सालीच्या अर्कातून ‘हरित’ लोहकण केले तर? आमच्याकडे साल फुकट मिळते. (शिक्षक, सांगोला)

उत्तर : सालीत टॅनिन भरपूर आहे, आणि टॅनिन व लोह एकत्र आले की काळसर द्रव होतो. पूर्वी शाई अशीच करत. द्रव काळा झाला म्हणजे नॅनोकण झाले, असे म्हणता येत नाही. त्यातला मोठा भाग लोह-टॅनेट असू शकतो. अर्क एकट्याने, लोहक्षार एकट्याने आणि दोन्ही मिळून, असे तीन नमुने रंगाच्या पाण्यात घालून तुलना करा. हायड्रोजन पेरॉक्साइडही घालणार असाल तर कलर घालवण्याचे काम बहुधा फेंटन अभिक्रिया (लोह आणि पेरॉक्साइड मिळून होणारे ऑक्सिडेशन) करते, आणि तिला साधे फेरस सल्फेटही पुरते. त्यात पीएच ३ च्या आसपास लागतो. अर्कातले सेंद्रिय पदार्थ पाण्यातच राहतात आणि सीओडी वाढवतात. शाळेच्या प्रदर्शनासाठी विषय छान आहे, सांडपाण्यासाठी नाही. पेरॉक्साइड उरले असेल तर सीओडीचे रीडिंग खोटे वाढते, तेवढे सांभाळा.

प्रश्न : रंग नाहीसा झाला म्हणजे विषारीपणा गेला, असे धरायचे का? (पर्यावरण कार्यकर्ता, सोलापूर)

उत्तर : नाही. कापडाच्या रंगांत अ‍ॅझो रंगांचा वाटा सर्वांत मोठा. त्यांचा रंग नायट्रोजनच्या दुहेरी बंधामुळे असतो. शून्यसंयुजी (म्हणजे धातुरूप) लोहाचे नॅनोकण हा बंध झटपट तोडतात आणि पाणी मिनिटांत रंगहीन होते. पण तुकडे म्हणजे अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स (बेंझिनसारखी कडी असलेली नायट्रोजनयुक्त संयुगे), आणि त्यांतले काही मूळ रंगापेक्षा घातक. काँगो रेडपासून बेंझिडीन निघते. ते माणसात मूत्राशयाचा कर्करोग करते हे सिद्ध आहे. अशी अमाइन्स देणाऱ्या रंगांवर भारतात १९९० च्या दशकात बंदी आली. म्हणून लोहकणांची पायरी एकटी कधीच पुरी नसते. तिच्यामागे हवा देऊन चालणारी जैविक टाकी किंवा ऑक्सिडेशन हवेच. टायटॅनियमच्या पद्धतीतही वेळ कमी पडला तर अर्धवट तुटलेले रेणू राहतात, आणि मिठाच्या पाण्यात क्लोराइडमुळे क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थ तयार होऊ शकतात. कोणी ‘९९ टक्के काढले’ म्हणाले की टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) किती उतरला ते विचारा.

घरच्या घरी एक स्थूल चाचणी करता येते. मोहरीचे किंवा मेथीचे २० दाणे, बशीत टिपकागद, त्यावर ५ मिली पाणी, झाकण. प्रत्येक पाण्याच्या तीन बशा. चार दिवसांनी किती रुजले आणि मूळ किती वाढले ते मोजा. साध्या पाण्याबरोबर, सांडपाण्याइतकाच टीडीएस असलेल्या मिठाच्या पाण्याचीही तुलना हवी. एरवी मिठाने मेलेले बी रंगाच्या खात्यावर पडते. ही चाचणी कर्करोगाचा धोका सांगत नाही.

वापरलेली पावडर रंगासकट धोकादायक कचरा म्हणूनच हाताळायची. २०१६ च्या नियमांनुसार ती परवानाधारक केंद्राकडे जाते. तळोजा आणि रांजणगाव इथे अशी केंद्रे आहेत. ‘चुंबकाने परत काढून दहा वेळा वापरा’ हे ऐकायला बरे, पण प्रत्येक वेळी रंग उतरवायला कॉस्टिक किंवा अल्कोहोल लागते आणि ते रंगीत पाणी पुन्हा तुमच्याच टाकीत येते.

प्रश्न : विहिरीचे पाणी लालसर झाले आहे. नॅनो फिल्टर बसवला तर पिता येईल का? (शेतकरी, पंचगंगाकाठ)

उत्तर : पिऊ नका, आणि फिल्टरवर विसंबूही नका. बाजारातले नॅनो-चांदीचे फिल्टर जंतूंसाठी असतात, आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेले ‘अमृत’ तंत्र आर्सेनिकसाठी आहे. रंगासाठी यांपैकी एकही नाही. लालसरपणा लोहाचाही असू शकतो. पाणी बादलीत रात्रभर ठेवा : तळाशी गंजासारखा साका बसला आणि वरचे नितळ झाले तर लोहाची शक्यता जास्त, रंग तसाच राहिला तर डायची. दोन्ही बाबतींत नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत भरून जिल्हा प्रयोगशाळेत द्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करून पोच घ्या.

प्रश्न : तिरुपूरने हा प्रश्न सोडवला म्हणतात. तिथे नॅनो वापरले का? (यंत्रमागधारक, भिवंडी)

उत्तर : २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिरुपूरची डाईंग युनिट्स बंद झाली. नोय्यल नदीत पाण्याचा थेंबही सोडायचा नाही, या अटीवर ती पुढे सुरू झाली. तिथली साखळी म्हणजे जैविक प्रक्रिया, मग गाळण, आरओ, आणि शेवटी उरलेल्या खाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन. पावडर टाकून हे झालेले नाही. नॅनोचे नाव तिथे येते ते नॅनोफिल्ट्रेशनमुळे (अतिसूक्ष्म छिद्रांच्या मेंब्रेनमधून पाणी गाळण्यामुळे), आणि या उद्योगात आज रोजचे काम करणारे ‘नॅनो’ हेच आहे.

या मेंब्रेनची छिद्रे १ नॅनोमीटरच्या आसपास. रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ चा रेणुभार जवळपास ९९२ आहे, तो अडतो. साधे मीठ पार होते. म्हणजे वेगळ्या घेतलेल्या डाय बाथमधून रंग एकीकडे आणि वापरता येईल असे खारे पाणी दुसरीकडे. ग्लॉबर सॉल्ट वापरत असाल तर थांबा : सल्फेट दोन भारांचे असल्याने नेहमीची मेंब्रेन तेही अडवते, तेव्हा सैल छिद्रांची निवडावी लागते.

बिघाडाची कारणे ठरलेली आहेत. ब्लीचिंगचा हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) चुकून त्या लाइनीत आला तर पॉलिअमाइडची मेंब्रेन कायमची जाते; १ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीनला व्यवहारात ३ मिलिग्रॅम सोडियम मेटाबायसल्फाइट द्या. बाथ ६० ते ८० अंशांवर सुटतो आणि नेहमीची मेंब्रेन ४५ अंशांपर्यंतच चालते, म्हणून हीट एक्स्चेंजर आधी. ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पात) चुना वापरला असेल तर कॅल्शियमची खपली बसते. सायझिंगचा पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) छिद्रे लिंपतो. डिसाइझिंगचे (खळ धुऊन काढल्याचे) पाणी या टाकीत येऊच देऊ नका. परत मिळालेले खारे पाणी पीएच, हार्डनेस आणि मिठाचे प्रमाण तपासून आधी गडद शेडला वापरा. फिकट शेडवर त्यातला उरलेला रंग लगेच दिसतो. मेंब्रेनने अडवलेला घट्ट रंग साधारण दहाव्या हिश्शाइतक्या पाण्यात राहतो. त्याची सोय प्लांट मांडतानाच ठरवा : वेगळे ऑक्सिडेशन किंवा बाष्पीभवन. तो समीकरण टाकीत परत सोडला तर दोन आठवड्यांत टाकीचा कलर पूर्वीपेक्षा वर जातो.